लग्नात मागं कोण उभं राहणार

मंगळवार, संध्याकाळ

नाना कोर्टात असं बोलतील, वाटलं नव्हतं. माझ्या भावाचा गुन्हा शाबीत झालेला, आज फक्त शिक्षा किती ते ठरायचं होतं. त्याचे वकील म्हणाले, घरचाच माणूस आहे, दया करा. तेवढ्यात नाना, माझे वडील, मागून उठले. "साहेब, नातीच्या लग्नात तिच्या मागं मामाच उभा राहतो. तो आत गेला तर कोण उभं राहील?"

न्यायाधीश बाई शांतपणे म्हणाल्या, "तो मामा आहे, म्हणूनच शिक्षा जास्त. परक्यावर पोरीनं एवढा विश्वास टाकला नसता."

वीस वर्षं. भावासाठी रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. मी दगड झाले का? की सुटले?

घरी येऊन पोरीला सगळं सांगितलं, नानांचं बोलणंसुद्धा. मी तिची वेणी घालत होते. मागं कोण उभं राहणार, हे तिनं दोनदा पुटपुटून पाहिलं. मग म्हणाली, "तू राहा की. आत्ता पण मागंच आहेस."

माझे हात थांबले.

"आवळून घाल ना आई. उद्या सहलीला वेरूळला जायचंय."

गेल्या महिन्यात याच सहलीला तिनंच नको म्हटलं होतं.