शेरीफने दिलेली बंदूक

डेटन, ओहायो
४ एप्रिल २०११

ति. व्हर्नाताईस,
धाकट्या डेल्मरचा सा. न. वि. वि.

फोन करत नाही, कारण फोनवर मला रडू येतं आणि तू लगेच मास्तरीण होतेस. म्हणून पत्र.

माझ्या क्लेच्या वकीलबाई मिस पेल्फ्री यांनी काल मला सगळं समजावलं. पोरगा पतपेढीतली चोरी कबूल करणार आहे. नाकारणार तरी काय, तोंडावरचा रुमाल घसरला आणि रांगेतल्या सगळ्यांनी त्याला ओळखलं. पण पतपेढीला केंद्र सरकारचा विमा, म्हणून खटला फेडरल कोर्टात. आणि तिथे चोरी करताना बंदूक रोखली की त्याची वेगळी सात वर्षं. चोरीची चार-पाच भोगून झाली की मग ही सुरू होणार, एकात एक धरत नाहीत. न्यायाधीशाला दया आली तरी त्याच्याही हातात काही नाही. बंदुकीत गोळी नव्हती म्हटलं, तर बाई म्हणाल्या की त्याने काही फरक पडत नाही.

बावीस वर्षांचा मुलगा आहे. तो सुटेल तेव्हा मी असेन की नाही, कुणास ठाऊक.

पण खरं सांगू? मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय ते त्याने कुठली बंदूक नेली यामुळे. एम्ब्रोस आजोबांची. ज्या माणसाला शेरीफने इमानदारीबद्दल स्वतःच्या हाताने दिली, त्याची. इथल्या चर्चमध्ये मी ती गोष्ट किती वेळा सांगितली असेल. आता मागच्या बाकावर बसतो आणि प्रार्थना संपायच्या आत निघतो. खटल्याला मी येणार नाही. मला त्याचं तोंड बघवणार नाही.

तुझा गुडघा बरा असेल. धाकट्यावर माया आहे तेवढी राहू दे.

तुझा
डेल्मर


केटल फोर्क, केंटकी
११ एप्रिल

चि. डेल्मर यास अनेक आशीर्वाद.

मास्तरीण म्हणतोस तर ऐक. तोंड बघवत नाही, ही चैन आत्याला परवडेल, बापाला नाही. मी शनिवारी जाऊन आले. काचेपलीकडे बसला होता, गालफडं बसलेली. खाणीत पाठ दुखावल्यापासून तो त्या सवय लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्या खात होता आणि मी एकाच छपराखाली राहून त्याला झोपाळू म्हणत होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांचे डोळे वाचले मी, घरातला वाचता आला नाही. त्याने पहिला प्रश्न डार्लीनबद्दल विचारला.

डार्लीन कोम्ब्स पतपेढीच्या काउंटरवर होती हे तुला कळलं असेलच. वीस वर्षं ती आणि मी चर्चमध्ये शेजारी उभं राहून गातो. त्या दिवसापासून तिचं कामावर जाणं बंद आहे. मी सुक्या सफरचंदांचा थरांचा केक करून नेला. तिने दारातच घेतला, आभार मानले आणि दार लावलं. तिचं काहीच चुकलं नाही.

आता कामाचं. मिस पेल्फ्री आपली चिखलाने माखलेली गाडी घेऊन इथवर आल्या होत्या. म्हणाल्या, कायद्यात एक खिडकी आहे. १८९९च्या आधी बनलेलं हत्यार हा कायदा बंदूक म्हणून धरतच नाही. ते सिद्ध झालं तर सात वर्षं गळून पडतात. पण सिद्ध आपण करायचं. तज्ज्ञ म्हणतो की हे रिव्हॉल्व्हर तीस वर्षं एकाच घडणीचं निघत होतं, काही १८९९च्या आधी, काही नंतर. कारखान्याच्या नोंदी आगीत गेल्या. घरच्या दंतकथा कोर्ट ऐकत नाही. बंदुकीचा नंबर असलेला त्या काळचा एखादा कागद हवा.

मी त्यांना सांगितलं की असा कागद आपल्याकडे नाही.

वेळेवर जेव. बाकी क्षेम, म्हणजे जेवढं असू शकतं तेवढं.

तुझी ताई
व्हर्ना


डेटन
१६ एप्रिल

ति. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचून मी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो. अगं, कागद नाही असं कसं होईल? आजोबा शेरीफचे हवालदार होते, शेरीफने त्यांना बंदूक दिली, म्हणजे कुठेतरी नोंद असणारच. आईची पेटी बघ. बायबलची पानं झटकून बघ. तू १९६२ सालच्या केकच्या कृतीसुद्धा जपून ठेवणारी बाई, आणि घरातला एकुलता एक अभिमानाचा कागद तुझ्याकडे नाही, हे मला पटत नाही.

बघ ताई, शंभर वर्षांनी आजोबांची इमानदारीच पोराच्या कामी येणार. मिळाला तर मी स्वतः येईन. कोट घालून येईन आणि कोर्टात सगळ्यांसमोर सांगेन की हा कुठल्या घरचा मुलगा आहे.

उत्तराची वाट बघतोय. राग धरू नकोस.

डेल्मर


केटल फोर्क
२० एप्रिल

चि. डेल्मर यास आशीर्वाद.

खुर्चीत बस आणि मग वाच.

कागद आहे. आई गेली त्या वर्षी, १९७९ साली, तिच्या बायबलच्या पुठ्ठ्याच्या आतून निघाला. मी वाचला आणि होता तिथे परत शिवून टाकला. ती शेरीफच्या कचेरीची पावती आहे, ऑक्टोबर १८९७ची. तीत लिहिलंय की एम्ब्रोस स्टिडहॅम या कैद्याने खाण कंपनीच्या दुकानावर ज्या रिव्हॉल्व्हरने दरोडा घातला ते, नंबर अमुक, शिक्षा संपल्यामुळे परत दिलं. खाली घेणाऱ्याची सही म्हणून लेटी आजीची फुली आहे.

म्हणजे शेरीफने बंदूक दिली हे खरंच आहे. फक्त का दिली, ते आपण बदललं. कुणी बदललं कोण जाणे, पण मला खरं कळल्यावरही मी तेच सांगत राहिले, हे माझं. घरातला थोरला मुलगा अठरा वर्षांचा झाला की रविवारच्या जेवणानंतर ती त्याच्या हातात द्यायची आणि सांगायचं की या माणसाने दुसऱ्याच्या सुतळीच्या तोड्यालाही हात लावला नाही. क्लेला हे वाक्य मीच सांगितलं. तू बंदूक दिलीस, वाक्य माझं होतं.

आजोबा वारले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. चर्चचा कारभार बघणारे वडीलधारे असून ते कायम शेवटच्या बाकावर, दाराशी बसायचे. आई म्हणायची, केवढा नम्र माणूस. कंपनीच्या दुकानात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही, मीठसुद्धा आजी आणायची. मी पावती वाचली तेव्हा मला हे दोन्ही आठवलं आणि मी बायबल मिटलं.

मिस पेल्फ्रींना नाही म्हणाले तेव्हा मी सात वर्षं एका पारड्यात आणि चर्चच्या दारावरची आजोबांच्या नावाची पाटी दुसऱ्यात घातली होती. आणि पाटी जड भरली, डेल्मर. नऊ दिवस. हे मी तुला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण आता खोटं पुरे झालं.

शुक्रवारी मी कागद देणार आहे. परवानगी मागत नाही. तुला दुसऱ्याकडून कळू नये, एवढंच.

तुझी
व्हर्ना


डेटन
२५ एप्रिल

ताई,

तुझ्या पत्राला लिहिलेलं हे तिसरं उत्तर. पहिल्यात तुला नाही नाही ते बोललो होतो. दुसऱ्यात एकच ओळ होती, जाळून टाक. ते पाकिटात घालून चिकटवलंही होतं. पेटीत टाकायला गेलो आणि उभाच राहिलो. बापाने मुलाची सात वर्षं टपालपेटीत टाकायची म्हणजे काय, ते तिथे कळलं. घरी येऊन फाडलं.

दिलास ते बरं केलंस. पण तो कागद वाचला जाईल तेव्हा मी तिथे नसेन. कोट घालून येईन म्हणालो होतो, ते विसर. मी तेवढा मोठा नाही.

डेल्मर


केटल फोर्क
१५ जून

चि. डेल्मर यास आशीर्वाद.

काल झालं. सरकारी वकिलांनी कागद आधीच तपासून घेतला होता, शाई आणि नंबर दोन्ही जुळले. न्यायाधीशांनी तो मोठ्याने वाचला. आपलं अर्धं चर्च बाकांवर होतं. दरोडा हा शब्द आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या टोप्या हलल्या, आणि मी माझ्या पर्सची कडी उघडझाप करत बसले. बंदुकीचा आरोप रद्द झाला. चोरीची शिक्षा सप्टेंबरमध्ये सुनावतील. मिस पेल्फ्रींनी मला मिठी मारली. मी काठीसारखी उभी होते.

कारण डार्लीन तिथेच होती. बाहेरच्या व्हरांड्यात ती माझ्यापाशी आली. आवाज न चढवता म्हणाली की व्हर्ना, कायद्याने ती बंदूक नसेल, पण तिचं तोंड माझ्याकडे होतं तेव्हा मला तिचं वय दिसलं नाही. मग म्हणाली की मुलाला सात वर्षं जास्त व्हावीत असं मला वाटत नव्हतं, पण आज सगळे हसत बाहेर पडले, ते मला बघवलं नाही. मी हसले नव्हते. तरी तिची क्षमा मागितली. ती जिना उतरून गेली.

आपण जिंकलो ते योग्यच झालं आणि मला त्याची लाज वाटते. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

गावच्या पेपरात आजोबांचं नाव आलं. रविवारच्या मुलांच्या वर्गात या आठवड्याचा धडा नेमका चोरी करू नको या आज्ञेचा आहे. मी दुसऱ्या बाईंना घ्यायला सांगितलाय. देवालाही कधी कधी खोडी काढायची लहर येते.

आता तू मुलाला भेट. यावर मी पुन्हा लिहिणार नाही.

ताई


तुरुंगातून
९ ऑक्टोबर

ति. व्हर्ना आत्यास,
क्लेचा सा. न. वि. वि.

शिक्षा तुला कळली आहेच, साडेचार वर्षं. इथली पत्रं आधी दुसरेच वाचतात, म्हणून मला नीट लिहायला सुचत नाही, सांभाळून घे.

गेल्या शनिवारी पप्पा आले. डेटनहून सहा तास गाडी चालवून आले आणि काचेपलीकडे बसले. मग त्यांनी विचारलं की मक्याचा पाव मिळतो का इथे. मी म्हणालो, मिळतो पण गोड करतात. त्यावर ते म्हणाले की हा खरा गुन्हा आहे, आणि आम्ही दोघं हसलो आणि मग त्यांना रडू आलं. जाताना म्हणाले, पुढच्या महिन्यात येतो.

डार्लीनबाईंना पत्र लिहायची मला मनाई आहे, आणि ती बरोबर आहे. मी त्यांच्यासाठी एक पत्र वहीत लिहिलंय. त्यांनी कधी मागितलं तरच देईन.

आत्या, त्या दिवशी पतपेढीत शिरताना तुझं ते सुतळीच्या तोड्याचं वाक्य माझ्या डोक्यात होतं. पाठ दुखत होती, गोळ्या संपल्या होत्या, आणि मला वाटत होतं की या घराण्यात पहिला चोर मीच निपजलो, आता मागे फिरून काय उपयोग. तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. तू आता सगळं खरं सांगतेस, म्हणून मीही सांगितलं.

माझं एक काम कर. पावतीत पणजोबा सुटतात तिथेच कागद संपतो. आणि तुमच्या गोष्टीत ते एकदम चर्चचे वडीलधारे होतात. मधली वर्षं मला कुणी सांगितलीच नाहीत. बाहेर आल्यावर पहिल्या रविवारी ते चर्चला गेले का? आत गेल्यावर कुठल्या बाकावर बसले? ते तुझ्याशी बोलायचे, काही तरी आठवत असेल. बंदुकीची गोष्ट नको, ही मधली हवी. साडेचार वर्षांत हळूहळू लिहिलीस तरी चालेल.

माझ्या वाटची माया घरात कुठे शिल्लक असेल तर ती टाकू नकोस. मी न्यायला येणार आहे.

तुझा
क्ले