मागच्या खोलीतली रेंज

सोमवार, ३ तारीख

आजपासून नवीन घर. कामही चांगलं दिसतंय. पाच खोल्या एकापाठी एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. बाजूने लांबलचक बोळ, आणि सगळ्यात शेवटी आजींची खोली. मोठी खिडकी, दुपारभर ऊन. माझी खाट तिथेच, आजींच्या पलीकडे.

एजन्सीने वही दिली आहे. आजींनी काय खाल्लं, गोळी किती वाजता दिली, ते लिहायला. पुढची पानं एजन्सीची, मागची माझी. मी शिकले चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं, तरी लिहिणार. आधीच्या घरी बाईंची अंगठी हरवली आणि आळ माझ्यावर आला. आठ दिवसांनी ती मोरीत साबणाच्या वडीखाली सापडली, तोवर मी घरी बसलेली. एजन्सीवालीने सांगून ठेवलंय, आणखी एक तक्रार आली की तुझं नाव यादीतून कमी. तेव्हा इथे जे होईल ते लिहून ठेवायचं. कर नाही त्याला डर कशाला, पण कागद असलेला बरा.

आजी अठ्ठ्याहत्तरच्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात मात्र पैलवानाचा. केस विंचरायला वाकले तर माझीच वेणी धरली. मी म्हटलं, सोडा, नाहीतर दोघी टकल्या होऊ. अर्ध्या तोंडाने हसल्या. जमेल आमचं.

एकच खोट. घरातल्या फोनला वायफायशिवाय दुसरं नेट नाही, आणि मागच्या खोलीत वायफायची रेंज नाही. ताई, म्हणजे आजींची लेक, परदेशात. रोज संध्याकाळी पाचला व्हिडिओ कॉल करतात. फोन स्टँडवर लावला तर ताईंचं तोंड चौकटीचौकटीचं, आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यांना आई दिसेना, आईला त्या. ताई म्हणाल्या, मावशी, काहीतरी करा. जसं काही तार माझ्या पदरात बांधली आहे.

बुधवार, ५

नेटवाला आला. पोट पुढे, अक्कल मागून. पण कामाचा निघाला. राउटर पुढच्या खोलीत टीव्हीमागे जमिनीवर ठेवलेला. म्हणाला, काकू, हा इथे ठेवणं म्हणजे दिवा पलंगाखाली लावणं. मग हातात फोन धरून खोल्याखोल्यांतून फिरला. पुढे रेंजच्या चार दांड्या, स्वयंपाकघरात तीन, बोळात दोन, आजींच्या दारात एक, आत शून्य. राउटर त्याने बोळाच्या मध्यावर उंच फळीवर लावला. म्हणाला, आजींच्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट उभं आहे, ते सगळी रेंज खातं. हलवायला सांगितलं तर त्याला दुसरीकडे जायचं होतं. मला काका म्हणा पण कपाट हलवा म्हणू नका, असली जात.

आज चित्र बरं आलं. थोडं फाटत होतं. ताई म्हणाल्या, मागे खिडकीपाशी कपडे वाळत घातलेत का. मी म्हटलं, कपडे अंगणात. बहुतेक पडदा दिसला असेल.

शुक्रवार, ७

कपाट हलवलं. एकटीने. पायाखाली जुनी चादर घातली आणि ढकललं इंच इंच. आजी डाव्या हाताने पलंगाची कड बडवत होत्या. मी म्हटलं, तुमच्या साड्यांना कोणी हात लावत नाही, गप पडा.

आत तीन दांड्या आल्या. मला वाटलं, ताई खूश होतील. झाल्या, पाच मिनिटं. आईशी बोलल्या, रडल्या. मग आवाज बदलला. मावशी, तुमच्यासोबत कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. त्या म्हणाल्या, खिडकीपाशी स्टुलावर बाई बसली आहे, तुमच्यासारखाच निळा अॅप्रन, तुमच्या एजन्सीची असेल. मी मागे वळून बघितलं. स्टूल होतं, त्यावर टॉवेल होता. तसं सांगितलं. त्या गोड बोलल्या. मावशी, मैत्रीण आली असेल तर सांगा, रागावणार नाही, पण लपवू नका.

मी लपवत नाही. आणि मला मैत्रीण नाही.

शनिवार, ८

ताईंनी काल कॉल चालू असताना काढलेला फोटो पाठवला. हा घ्या पुरावा. चष्मा लावून बघितला. मी, आजी, स्टूल, टॉवेल. बाई नाही. तसं कळवलं. तर म्हणतात, फोटोत स्पष्ट दिसतेय, तुम्ही खोटं का बोलता.

आता खोटं कोण बोलतंय? माझा संशय ताईंवर आहे. स्वस्तातली कोणी मिळाली असेल. मला काढायला निमित्त हवं, म्हणून ही बाई उभी केली. असले प्रकार मी पाहिले आहेत. नाचता येईना अंगण वाकडं, आणि ठेवायची नाही तर बाई खोटी.

आज पाच वाजता चित्र फाटत होतं म्हणून त्यांनीच नेटवाल्याला पुन्हा पाठवायचं ठरवलं. सगळं नीट दिसू दे म्हणे. मीही म्हटलं, दिसू दे एकदाचं. काचेसारखं.

सोमवार, १०

नेटवाल्याने पांढरी डबी आणली. थेट भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायची. राउटरकडून रेंज घेते आणि पुढे ढकलते. लावली दाराशी, आजींच्या डाव्या हाताकडच्या प्लगवर. हिरवा दिवा लागला म्हणजे ठीक. मी त्याला विचारलं, खोलीत नसलेलं माणूस चित्रात दिसू शकतं का. तो म्हणाला, काकू, नेट असलेलंच दाखवतं, नसलेलं दाखवायला लागलं तर मी बिल दुप्पट करेन. आणि हसला. मला हसू आलं नाही.

चार दांड्या. ताई म्हणाल्या, आज ती स्टुलावर नाही, तुमच्या खाटेवर बसली आहे.

मंगळवार, ११

पाचला डबी बंद. प्लगमधून निघून जमिनीवर पडलेली. लावली. बोलणं सुरू झालं तशी पुन्हा निघाली. बघते तर आजी. डाव्या हाताने उपसून काढतात. म्हणजे घरातूनच घात. लेकीशी बोलायला दिवसभर फोनकडे डोळे लावतात आणि वेळ आली की प्लग ओढतात. मी रागावले. पुन्हा लावली. आजींनी माझं मनगट धरलं, नखं रुतली. तोंडातून आवाज काढत होत्या, मला समजला नाही.

डबीवर चिकटपट्टी मारली. चार फेरे. आता ओढा म्हटलं.

नंतर वाईट वाटलं. पाणी पाजलं. पीत असताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या बाजूला बघत होत्या.

बुधवार, १२

ताईंनी एजन्सीला फोन केला. एजन्सीवाली ओरडली. परकी बाई घरात घेतेस? मी म्हटलं, देवाशपथ नाही. ती म्हणाली, शपथा सगळ्याच घेतात, शुक्रवारपर्यंत ताईंचं समाधान कर, नाहीतर सामान बांध.

उद्या समाधान करते. सगळी दारं आतून लावणार, फोन हातात घेऊन ताईंना घर दाखवणार. कपाटं, मोरी, पलंगाखाली. रेंज आता सगळीकडे आहे. काही झाकायला जागा नाही.

गुरुवार, १३

दाखवलं.

पुढची खोली. स्वयंपाकघर. कपाटं उघडून, साड्या बाजूला सारून. मोरी. मी म्हटलं, झालं समाधान? कुठे आहे तुमची बाई? ताई अगदी हळू म्हणाल्या, मावशी, तुम्हाला खरंच दिसत नाही?

म्हणाल्या, ती प्रत्येक खोलीत तुमच्या मागे होती. कपाट तुम्ही उघडलंत आणि बंद तिने केलं.

मी कपाटं बंद केली नव्हती. आता जाऊन बघितली. सगळी बंद आहेत.

ताई रडत होत्या. म्हणाल्या, माझं चुकलं, तक्रार मागे घेते. इतके दिवस हेच ऐकायचं होतं मला. ऐकलं आणि आजींच्या पलंगावर जाऊन बसले.

शुक्रवार, १४

दुपारी बारा. मी निघून गेले असते. आजींना टाकून कशी जाऊ? अंग हलत नाही त्यांचं. ताईंनी कोणाला तरी पाठवलंय, गाडीने येणार, संध्याकाळ होईल. तोवर कॉल चालू ठेवा म्हणाल्या. ती कुठे आहे ते त्या सांगत राहतील. फोन स्टँडवर. मी आजींच्या पायाशी. लिहीत बसते, हात तेवढाच कामात.

एक वाजला. ताई म्हणतात, खिडकीत आहे.

दीड. खाटेवर.

ताई म्हणतात ती पण लिहितेय.

पावणेदोन. आजी डबीकडे हात करतात. पट्टीवर नख घासतात. ताई म्हणतात, बंद करू नका, मला दिसणार नाही. आजी म्हणतात बंद कर. तोंडाने नाही, डोळ्यांनी. कोणाचं ऐकू—

आजी आठ दिवस हेच सांगत होत्या. मी चिकटपट्टी मारली. मी.

पट्टी फाडली. डबी काढली. हातात आहे. दिवा विझला.

फोन चालूच. चार दांड्या. बोळात जाऊन राउटरही बंद करून आले. चारच. चित्र आधी कधी इतकं साफ नव्हतं. ताईंच्या कपाळावरचा घाम दिसतो.

कोपऱ्यात आमचं छोटं चित्र असतं ना, त्यात आता मला पण ती दिसते. दोघी आहोत. अॅप्रन तोच. वेणी तीच. वही—

ताई गोंधळल्या. सारख्या इकडून तिकडे बघतात. म्हणाल्या, मावशी कोण आहे, हात वर करा.

मी केला. छोट्या चित्रात हात तिचा वर गेला.

ताईंच्या जिवात जीव आला. हसल्या. देवा, म्हणाल्या, हात खाली घ्या मावशी, कळलं मला. पण माझ्याकडे बघून नाही. तिच्याकडे—

मी ओरडून सांगितलं मी मी इकडे

ताई तिला म्हणतात, मावशी, घाबरू नका, आईला सांभाळा, आणि त्या दुसरीला आधी घरातून बाहेर

ती उठली. आजींनी माझा हात घट्ट धरलाय, सोडत नाहीत, त्यांना माहीत आहे मी कोण, त्यांना बोलता येत असतं तर त्यांनी सांगितलं अस—