नाकाचं काम

चाचा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं होत आली आणि आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहायला बसलो आहे. मस्कतमधल्या त्या समुद्राकाठच्या हॉटेलात मी अजून आहे. वाईनच्या थंड खोलीच्या किल्ल्या तुमच्या कमरेला असायच्या, त्या आता माझ्याकडे असतात. हाताखाली दोन माणसं आहेत आणि पाहुणे मला विचारल्याशिवाय भारी बाटली मागवत नाहीत. तुम्ही पाहिलं असतंत तर "सायबाची ऐट बघा" म्हणून चिडवलं असतंत. पण चाचा, चिडवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. माझं नाक गेलं आहे. मला कसलाच वास येत नाही, आणि हे हॉटेलात कुणालाही माहीत नाही.

मी नाशिकहून आलो तेव्हा मला द्राक्षं कळत होती, वाईन नाही. तुम्ही रत्नागिरीकडचे, पाच वेळा नमाज पढणारे, आणि त्या खोलीचे प्रमुख. वाईनचा थेंब तुम्ही कधी जिभेला लावला नाहीत. त्यावरून कुणी टोचून बोललं तर नुसतं हसायचात. पण बूच निघालं की ग्लास नाकाशी धरून डोळे मिटायचात, आणि मग जे सांगायचात ते चुकत नसे. "जिभेचं तू बघ, नाकाचं मी बघतो," असं आपलं ठरलेलं. मी घोट तोंडात घोळवून थुंकायचो आणि सांगायचो, आंबटपणा एवढा, तुरटपणा हिरड्यांवर एवढा, चव मागे एवढा वेळ राहिली. तुम्ही ते तुमच्या वासाशी जुळवून बघायचात. दोघांचं मिळून एक माणूस होत असे.

रमजानमध्ये बार बंद व्हायचा आणि तुमची शाळा भरायची. रोजा असतानाही तुम्ही मला मस्कतच्या जुन्या मत्रह बाजारात हिंडवायचात. पुस्तकात लिहिलेलं असायचं की फ्रान्सातल्या बोर्दोच्या उंची लाल वाईनला ब्लॅककरंट नावाच्या फळाचा वास येतो. "तू बघितलायस काय हा करंट? मी पण नाय बघितला. आपण जांभूळ म्हणू. जांभळात थोडं करवंद." मग एका दुकानात नव्या चपलेचं चामडं हुंगायचं, दुसऱ्यात तंबाखूचं पान, तिसऱ्यात तासलेलं लाकूड, आणि लोक आपल्याकडे बघत राहायचे. जुनी झालेली बोर्दो कशी ओळखायची ते मी त्या गल्ल्यांत शिकलो. आधी फळ, मग लाकूड आणि तंबाखू, आणि सगळ्यांच्या खाली पाणी शिंपडलेल्या अंगणाचा मातकट वास. ती कशी बनते तेही तुम्हीच समजावलंत. रस सालींबरोबर ठेवायचा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. कॅबर्ने जातीचं द्राक्ष ताठ, मर्लो मऊ, म्हणून दोन्ही मिसळायची. मग ओकच्या पिंपात दीड-दोन वर्षं. शेवटी अंड्यातलं पांढरं फेटून घालतात, ते गाळ घेऊन तळाला बसतं, हे ऐकून मी तोंड वाकडं केलं होतं. तुम्हाला मात्र वेगळीच काळजी. "एवढ्या अंड्यांच्या पिवळ्याचं काय करीत असतील रे?" पुढे दोन दिवस तुम्ही भेटेल त्या स्वयंपाक्याला हेच विचारत होतात.

तुम्ही मला रागावलात ते एकदाच. मला सर्दी होती, नाक गच्च, आणि तसाच मी एका टेबलावर बाटली उघडून ग्लास हुंगला आणि "छान आहे" म्हणालो. तुम्ही मला आत ओढून नेलंत. "पाहुणा आपल्या नाकावर भरवसा टाकतो, म्हणून आपण आधी हुंगतो. बूच बिघडलेलं असलं तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, फळ मरून जातं. ते जिभेला कळत नाय. नाक बंद तर बंद म्हणायचं, खलास. त्यात लाज कसली?" तुम्ही स्वतः तसंच करायचात. सर्दी झाली की सगळ्यांसमोर मॅनेजरला सांगायचात, "सर, आज नाक बंद है. आज बोतल मैं नहीं खोलेगा," आणि तीन-तीन दिवस मागे बसून नॅपकिनच्या घड्या घालायचात.

दोन वर्षांपूर्वी मला ताप आला. तो उतरला आणि वास गेला. शहराबाहेर अल अमेरातला आमच्या घरी मी ओट्यापाशी उभा होतो आणि मुलगी धावत आली, "बाबा, मिल्क जळतोय! तुम्हाला स्मेल नाही येत?" दूध माझ्या हातभर अंतरावर करपत होतं. अझैबा भागातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लवंग, लिंबू, गुलाब रोज हुंगायला सांगितले. वर्षभर हुंगले. गेल्या महिन्यात ते म्हणाले, आता आशा धरू नका. बायको म्हणते, मुलीची दहावी होईपर्यंत बोलू नका. नोकरी गेली तर व्हिसा जाईल. तिचं काय चुकतं? मी जीभ आणि सवय यांवर दिवस काढतो. आंबट, तुरट कळतं. बाकी सगळं मी पाठांतरातून बोलतो, जांभूळसुद्धा.

परवा शुक्रवारी दुपारी आपले ते फ्रेंच इंजिनीअर आले होते, तुम्हाला आठवत असतील. बायको गेल्यावर ते एकटेच येतात. आता कायमचे परत चालले आहेत. शेवटच्या जेवणासाठी त्यांनी एक जुनी बोर्दो माझ्याकडे राखून ठेवली होती. एकदा म्हणाले होते, गुडघे गेले, कान गेले, एवढं एक सुख शाबूत आहे. मी बाटली उघडली, हुंगल्यासारखं केलं, मान हलवली, ओतली. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मग हळूच विचारलं, "मला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. तुम्हाला?" मी पुन्हा ग्लास नाकाशी धरला. म्हणालो, "नाही सर. उत्तम आहे." ते म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे उत्तमच असणार. मग हेही गेलं माझं." आणि चाचा, त्यांनी ती प्यायली. अर्धी बाटली, मुकाट्याने.

उरलेली मी आत नेली आणि माझ्या हाताखालच्या केरळच्या बाईंसमोर ग्लास धरला. त्यांनी लगेच तोंड फिरवलं. "सर, ये तो पूरा खराब है!" तसलीच दुसरी बाटली मागच्या फळीवर होती. ते अजून टेबलावरच बसले होते.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमची कबर तुमच्या गावी आहे आणि मी तिथे एकदाही आलेलो नाही. कागद फाडून टाकीन. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची टाळत होतो. त्यानंतर मी बाहेर त्यांच्या टेबलाकडे गेलो होतो. दुसरी बाटली न घेता गेलो. त्यांनी कोट चढवता चढवता विचारलं, "हे नाक परत येतं का हो?" आणि मी म्हणालो, "नाही सर. वयाने होतं असं."