धाकटीची नॉर्वेवाली आई

१२ मे

आलं! पुन्हा आलं त्या बाईचं पत्र!

संस्थेच्या यामिकानीची फटफटी लांबून ऐकू आली मात्र, धाकटीनं हातातलं मुसळ टाकलं — सरळ धुळीत! मी ओरडले, "अगं, मका सांडला!" ऐकतंय कोण. पाय लागलेत का पंख, अशी पळाली.

धाकटी म्हणजे माझी नात, तमंदानी. आम्हा चेवा लोकांत आजी आणि नात म्हणजे थट्टेतल्या सवती-सवती. तिच्या आजोबांची मी थोरली, ती धाकटी. जन्मली तेव्हा मीच पहिली म्हटलं, "आलीस का गं बये, माझा संसार वाटून घ्यायला?" सुईण हसून हसून खाली बसली होती. पुढे आजोबा गेले. मग तिची आई, माझी एसनाती, तीही गेली. पोर तेव्हा दोन वर्षांची. राहिलो आम्ही दोघी सवती. भांडायला नवरा पण नाही!

तर ती बाई. मारित नाव. नॉर्वेत राहते, तिथे म्हणे थंडीत दुपारीच काळोख पडतो. संस्थेकडे बिनआईबापाच्या पोरांची यादी असते, त्यातून तिनं आमची पोर निवडली. सात वर्षं झाली. शाळा, दप्तर, बूट, मच्छरदाणी — सगळं तिच्याकडून. चांगली आहे बाई. वाईट कोण म्हणतंय? पण पत्राच्या सुरुवातीला "लाडक्या लेकी", आणि शेवटी "तुझी आई मारित"!

आई! आई म्हणायला माझी एसनाती होती.

आणि मध्ये काय, "तमंदानीच्या लामेकमामांना नमस्कार." आमच्यात पोरांवर हक्क मामाचा, म्हणून संस्थेच्या कागदावर घरातला मोठा म्हणून लामेकचं नाव घातलं. माझाच मुलगा तो, पण खरं ते लिहिते. तिकडे लिलाँग्वे शहरात असतो, घरी येताना मिठाची पुडीसुद्धा आणत नाही. त्याला दर पत्रात नमस्कार! आणि मला? सात वर्षांत एकदाही नाही. आमच्या दारावरून जाणारा परका माणूसही आधी थांबून विचारतो, आजी, बरं आहे ना? आणि ही माझ्या घरात पत्रं टाकते आणि मला ओलांडून जाते!

१४ मे

धाकटीच्या वाढदिवसाला त्या बाईनं पैसे पाठवले होते, त्यातून एक तांबडी कोंबडी घेतली. मी तिची अंडी खात नाही. धाकटीला सांगितलं, मला अंड्यानं पित्त होतं. आज त्या कोंबडीनं माझ्या टोपलीत, माझ्या नव्या चितेंजेवर अंडं घातलं! सणाला गुंडाळायचं कापड ते. केरसुणी घेऊन धावले मागे. धाकटी ओट्यावर गडबडा लोळली. "थोरले, कोंबडीला काय ठाऊक ती कुणाची!"

कोंबडीला नसेल. मला आहे.

२ जून

मका खुडून झाला. कणसं सोलून बोटं सुजलीत, म्हणून आज थोडंच.

शेजारची नाम्वाले विचारत होती, "फालेसी, या वयात कशाला गं त्या म्हाताऱ्यांच्या वर्गाला जातेस?" म्हटलं, बायबल वाचायला. देवा, माफ कर. खोटं बोलले. धाकटी त्या बाईला काय लिहिते ते वाचायला जाते मी! आठ महिने झाडाखाली बसून पाटीवर गिरवलं. आज धाकटी पाण्याला गेली तेव्हा तिचा कागद उचलला. माझं मला लिहिता येतं, पण तिचं घाईचं अक्षर लागेना; एकेक जोडत जोडत दोन शब्द वाचले — "प्रिय आई."

पुढे वाचलंच नाही. ठेवून दिला. जेवढं वाचायचं ते वाचून झालं होतं.

२० जून

आज फोटोचा दिवस. दरवर्षी यामिकानी येतो, पोरांचे फोटो काढतो, ते त्या लोकांना जातात. मी तो नवा चितेंजे गुंडाळला, डोक्याला फडकं बांधलं, धाकटीच्या शेजारी उभी राहिले. धाकटीनं कोंबडी कवेत घेतलेली. यामिकानी म्हणतो, "आजी, जरा बाजूला व्हा ना. फोटोत फक्त मूल पाहिजे, आणि भेट मिळालेली वस्तू."

म्हणजे कोंबडी चालते! आजी चालत नाही!

नाम्वाले कुंपणापलीकडून, "अगं फालेसी, तूही पिसं लाव ना चार!" मेली.

धाकटी म्हणाली, "दादा, थोरली नसेल तर मीही नाही." मग त्यानं दोन काढले, एक तिकडे पाठवायला आणि एक आमचा. पण आमचा दिला कुठे अजून? तिकडचा मात्र त्याच दिवशी गेला.

२८ जुलै

पास! पास झाली! आठवीत अख्ख्या आमच्या भागात पहिली, आणि डोंगरापलीकडच्या मुलींच्या मोठ्या शाळेत नंबर लागला. राहायचं तिथेच. गावात मुलीचा असा नंबर आजवर कुणाचाच लागला नव्हता. बायकांनी आरोळ्या दिल्या, मी तर अशी नाचले की कंबर धरली. गावचा मुखिया स्वतः दारात आला. थोब्वाचं, मक्याच्या आंबटगोड पेयाचं, मडकं उघडलं, सगळ्यांना वाटीवाटी पाजलं. नाम्वाले तीन वाट्या प्यायली. मी मोजत नव्हते, पण तीन.

आणि धाकटी त्या गर्दीत ओरडते काय, "आता आई मारितला कळवायला पाहिजे!"

पाय तिथेच थांबले माझे.

३० जुलै

यामिकानी आला होता. म्हणाला, मारितबाई मोठ्या शाळेचा खर्चही करायला तयार आहेत. घरच्या मोठ्याची सही पाहिजे, पंचवीस ऑगस्टच्या आत. नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. लामेकला फोन लावला. तो म्हणतो, "आई ठरवेल ते." सात वर्षं नमस्कार घेतले, आता आई ठरवेल!

मी म्हटलं, बघू.

१ ऑगस्ट

सही केली नाही.

५ ऑगस्ट

काल रात्री भांडलो. खेळातलं नाही, खरं.

ती म्हणाली, "तुला मी शिकायला नकोय." मी म्हणाले, "शीक ना. तुझी आई आहे की तिकडे. तिचे पैसे, तिची गादी, तिची घोंगडी. जा. सुट्टीतही तिच्याकडेच जा." असं कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक. पोर म्हणाली, "मला आई आठवते तरी का? आई हा शब्द म्हणायला तरी कुणीतरी नको का मला?"

मक्याच्या पिठाची न्सिमा झाकून ठेवली, वर तिची आवडती सुकी मासळी. शिवली नाही. सकाळी पाण्याला जाताना म्हणाली, "येते, आजी."

आजी! थोरली नाही म्हणाली. आजी म्हणाली.

८ ऑगस्ट

आज त्या बाईला मी पत्र लिहिलं. स्वतः. तीन दिवस लागले. इथे पुन्हा उतरवून ठेवते —

"मारितबाई, मी फालेसी. तमंदानीची आजी. तू माझ्या घरात आलीस आणि घरातल्या म्हातारीला नमस्कार केला नाहीस. आमच्यात नवी सवत आली तर आधी थोरलीपुढे गुडघे टेकते. पोरीची आई एसनाती होती. ती मेली म्हणून जागा रिकामी नाही. पोर माझी आहे."

यामिकानीला दिलं. पत्रं त्याला वाचावीच लागतात, त्याला तिकडच्या भाषेत करायची असतात ना. उभ्या उभ्या वाचलं. मग फटफटी बंद केली. "आजी, हे पाठवू, का चुलीत घालू?"

"पाठव."

"बाई दुखावल्या तर हात काढून घेतील. मग शाळा नाही, काही नाही. असं झालंय दुसऱ्या गावात."

"तुला अक्षर लागलं ना माझं?"

"अक्षर लागलं. म्हणूनच भीती वाटतेय," म्हणाला.

मी म्हटलं, पाठव. गेला.

९ ऑगस्ट

काय करून बसले मी!

उठल्याबरोबर चौकापर्यंत चालत गेले, अनवाणी. संस्थेचं ऑफिस उघडायची वाट बघत पायरीवर बसले. यामिकानी आला, तोंड पाहूनच कळलं. हल्ली पत्राचा फोटो काढून तारेनं पाठवतात म्हणे. कालच गेलं. मी म्हटलं, मागे बोलावता येत नाही? तो म्हणाला, "नाही, आजी. कोंबडी आहे का ती?"

धाकटीला सांगितलं नाही. ती घोटीव अक्षरात वह्यांवर नाव घालत बसलीय. शाळेचं नावही घातलंय खाली. जायचं नक्की नाही, तरी.

१७ ऑगस्ट

अजून काही नाही. मासळी विकायला आलेल्या माणसाच्या फटफटीलाही दचकले.

२२ ऑगस्ट

आलं. पाकिटावर माझं नाव! यामिकानीनं दोन हातांनी दिलं आणि म्हणाला, "मी वाचून दाखवू?" म्हटलं, नको. गोठ्यामागे जाऊन बसले. ऊन कलेपर्यंत वाचत होते. उतरवते, म्हणजे हरवायचं नाही —

"फालेसीबाई, नमस्कार. हा सात वर्षांचा नमस्कार आहे. चूक झाली, आणि ती नकळत झाली नाही. संस्थेनं सांगितलं कागदावरच्या मोठ्यांना विचारत जा, म्हणून मी मामांना विचारत गेले. पण तुम्ही आहात हे मला पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं. तमंदानीचं प्रत्येक पत्र असं असतं : प्रिय आई, पैशांबद्दल आभार. मग दोन पानं थोरली. थोरली कशी नाचली, थोरली कोंबडीशी कशी भांडली, थोरली माझी पत्रं लपून वाचायला अक्षरं शिकतेय आणि मला कळलंय हे तिला सांगू नका. मी एकटी राहते. तिनं मला कधी विचारलं नाही की मी काय खाते. म्हणून तुमचं नाव माझ्या हातानं लिहवेना. आई म्हणवून घ्यायचा हक्क मला नाही. पुढच्या पत्रापासून नुसतं मारित लिहीन. फक्त तिला शाळेत पाठवा."

बाई माझ्यावर जळते! माझ्यावर! त्या दूरच्या काळोखात बसून या फालेसीवर जळते!

हसू आवरेना. मग रडू आवरेना. नाम्वाले विचारते, कोण गेलं? म्हटलं, कुणी नाही गं, एक बाई आली.

सही केली. अंगठा नाही हं, सही. यामिकानीला म्हटलं, तिला कळव, आई लिहिते तेच लिहू दे. पोरीला तो शब्द लागतो.

रात्रीसाठी अंडी उकडली. तीन. दोन मी खाल्ली. पित्तबित्त काही झालं नाही.

४ सप्टेंबर

गेली धाकटी. मिनीबसच्या टपावर गादी, पत्र्याची पेटी, आणि मधोमध बांधलेली बादली. खिडकीतून डोकं काढून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडली, "थोरले! आता नवरा एकटीचाच तुझा! थडगं झाडत जा!"

सगळी मिनीबस हसली. मीही हसले, बस वळेपर्यंत. मग फडकं तोंडावर ओढलं.

५ सप्टेंबर

एकटीनं मका कांडताना मुसळाचा ताल जमत नाही.

१९ सप्टेंबर

पत्र! मिनीबसवाल्याच्या हाती पाठवलं. चार पानं! डाळीत किडे असतात, शेजारच्या खाटेवरची मुलगी घोरते, गणिताच्या बाई चांगल्या आहेत, आणि "थोरले, तू नसलीस की मला कुणी टोमणेच मारत नाही." दोनदा वाचलं, मग नाम्वालेला वाचून दाखवलं, मग पाण्यावरच्या बायकांना. नाम्वाले म्हणाली, "पुरे गं, पाठ झालं आम्हाला."

३ ऑक्टोबर

दुसरं आलं. सहा पानं! धाकटी आजारी होती, ताप होता, आता बरी आहे. मी इकडे शेंगा सोलत होते आणि मला ठाऊकही नाही! चार शेंगांचं कूट करून आणि भाजलेली रताळी मिनीबसवाल्याकडे दिली. त्यानं वाटेत खाल्ली नसली म्हणजे मिळवली.

१७ ऑक्टोबर

तिसरं आलं.

२० ऑक्टोबर

आज यामिकानीनं मारितबाईचं पत्र दिलं. मला. चारच ओळी. "फालेसीबाई, नमस्कार. सात आठवडे झाले, पोरीचं मला एक अक्षर नाही. तुम्हाला काही आलं का?"

तिन्ही पत्रं मांडीवर होती. यामिकानी फटफटीवर बसून उत्तराची वाट बघत होता.

मी लिहिलं — मलाही नाही आलं, बाई. अभ्यास फार असेल. तू काय खातेस तिकडे?