झेंडूच्या टोपलीशेजारी

मूर्तिजापूर, आश्विन वद्य पंचमी, शके १८६४

चि. उद्धव यास,

बार्शीटाकळीच्या शाळेत घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा पडायचा, तो ठणका अजून कानात आहे. पाठोपाठ तुम्ही पोरं मी रचलेली आर्या एका सुरात म्हणायचात:
'सापडले जे कोणा, ठेवा नेऊन देवळापाशी.'

तू आता इथला फौजदार. 'बेवारस डबा दिसला तर हात लावू नका, चौकीवर कळवा,' अशी दवंडी तू पिटवलीस, तेव्हा मी हसलो होतो.

दसऱ्याच्या सकाळी स्टेशनच्या बाकाखाली पितळी डबा दिसला. कोणा प्रवाशाची शिदोरी राहिली असेल, म्हणून मी तो मारुतीच्या ओट्यावर नेऊन ठेवला. येताना आर्याही गुणगुणलो, बाबा! मागे फूलवाल्या तानुबाईने टोपलीला जागा करायला तो सरकवला. आवाज झाला. वळून पाहिलं तर आभाळभर झेंडूच्या पाकळ्या. क्षणभर मला ते सुंदर वाटलं, उद्धवा. मग ती किंचाळली.

डबा तिच्याच लेकाने आणला असं समजून तू शेषरावला कोठडीत घातलंस. दहा दिवस झाले. मी गप्प आहे.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. दारात तानुबाई उभी आहे, डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं.

"गुरुजी, शेषरावले सोडा म्हनून अर्ज लिहून द्या. अंगठा तं गेला माहा. माह्या नावानं सही तुमीच करा."

समोर दोन कागद आहेत, उद्धवा: हे पत्र आणि तिच्या अर्जाचा कोरा कागद. आधी कुठल्यावर सही करू?

तुझा गुरुजी