सात मिनिटांचा खेळ

१९ मार्च, शुक्रवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघे कुरकुरत असतील, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नसशील आणि वर त्यांनाच नावं ठेवत असशील, असं धरून चालते. भाऊजींना नमस्कार. मी ठीक आहे. जेवते, झोपते. शाळा अजून बंद आहे, त्यामुळे घरातलं एकूण एक कपाट आवरून झालं.

तू रोज फोन करतेस आणि मी 'बरी आहे' म्हणून ठेवून देते. तुझा आवाज ऐकला की रडू येतं आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून लिहायला बसले. पत्रात तुला मध्ये बोलायची सोय नाही, तेवढंच बरं.

मी नोकरीला लागले तेव्हा तू म्हणाली होतीस, "धडा कधीही बंद पडेल. वीज जाईल, साहेब टपकतील, तुझाच घसा बसेल. वर्ग दोन मिनिटं मोकळा सोडलास की तो तुझा राहत नाही. हाताशी काहीतरी ठेव." मी बुटांच्या खोक्यात कार्डं भरायला लागले. वीज गेली तर हे, प्रोजेक्टर रुसला तर ते, अर्धा वर्ग सामन्याला गेला तर तिसरंच. चौदा वर्षांत खोकं जाऊन पत्र्याची पेटी आली. ताई, मला तिचा फार गर्व होता. तू यात दोषी नाहीस, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तू लगेच स्वतःच्या अंगावर ओढून घेशील.

यंदा सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते घंटेचं कार्ड. आगीच्या घंटेचं बटण शिपाईमामांच्या खोलीत आहे, पण हवा दमट झाली की ती कुणी हात न लावताही वाजायची. पहिल्या वेळी आम्ही नियमाप्रमाणे मैदानात गेलो. तिसऱ्या वेळी जिन्यापर्यंत. पाचव्या वेळी कुणी उठलंसुद्धा नाही. मामा ती बंद करेपर्यंत वर्गात नुसता गोंधळ. म्हणून मी खेळ काढला: डोकं बाकावर, डोळे मिटायचे, कान टवकारायचे आणि जे जे ऐकू येईल ते तेवढ्यापुरतं डोकं वर काढून चिठ्ठीवर लिहायचं. सात मिनिटं. वर्ग चिडीचूप.

मुख्याध्यापिकाबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला सगळ्या शिक्षकांपुढे उभं केलं. "यांची मुलं घंटेकडे लक्ष देत नाहीत, बाईंकडे देतात," म्हणाल्या. टाळ्या पडल्या. पंधरा दिवसांत प्रत्येक वर्गात एक पेटी झाली.

पुढचं तू पेपरात वाचलंस. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत आग लागली. दुसऱ्या मजल्यावरचा माझा वर्ग सगळ्यात शेवटी खाली आला. एक मुलगी धुराने गेली, सहाव्या दिवशी, दवाखान्यात. घंटा वाजलीच नाही, असं मी तुला सांगितलं. चौकशी समितीलाही तेच सांगितलं.

ताई, घंटा वाजली होती.

मी पेटी उघडली. सवयीने, हसत. मुलांनी डोकी बाकांवर टेकली. खालून मामांच्या हाका येत होत्या, धावपळ ऐकू येत होती, आणि मला वाटलं, वा, आज मुलांना लिहायला भरपूर आहे. वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे वकील म्हणायचे, कारण कुठल्याही गोष्टीवर तिचं 'पण बाई' ठरलेलं. तिने हात वर केला.

"पण बाई, मामा खरंच ओरडताहेत."

"बोलायचं नाही. लिही."

तिने लिहिलं. दाराखालून धूर आत आला तेव्हा मी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं होऊन गेली होती. सहाव्या दिवशी गेली ती हीच. तिला दमा होता, हे मला माहीत होतं. जिन्यात माझा हात धरून ती मुलगी खोकत होती आणि मी तिला 'लवकर चल, लवकर चल' म्हणत होते. तिला 'लवकर चल' म्हणायला मी कोण?

स्टाफरूममध्ये आता कुणीच घंटा ऐकलेली नाही. सगळ्यांनी पेट्या उघडल्या होत्या ना. कुणी कुणाला काही शिकवलं नाही. मुख्याध्यापिकाबाई एवढंच म्हणाल्या, "नीट आठवून सांगा," आणि आम्ही सगळ्यांनी नीट आठवलं. घंटेची तार जळून गेली आहे, त्यामुळे तपासून काही कळत नाही. मुलांना आणखी त्रास नको म्हणून समिती त्यांना विचारत नाही. उरले मामा. त्यांनी वेळेवर बटण दाबलं नाही, असं ठरत आलं आहे. नोकरी गेल्यात जमा आहे, आणि मृत्यूचा गुन्हा त्यांच्यावर लागणार आहे.

मंगळवारी ते मला फाटकाशी भेटले. दाढी वाढलेली. "बाई, तुम्ही ऐकली ना हो घंटा? मी तुमच्या जिन्यात हाका मारल्या. वर येणारच होतो, पण तळमजल्यावर ती बारकी पोरं घाबरून खोलीतच बसली होती."

"आठवत नाही, मामा."

"असू द्या. धक्का बसलाय तुम्हाला. आठवेल."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खेळ संपला की चिठ्ठ्या गोळा करायच्या, ही माझी शिस्त. त्या गडबडीतही मी त्या उचलून पर्समध्ये कोंबल्या होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सत्तावीस आहेत. प्रत्येकीवर पहिला शब्द 'घंटा'. चौदांवर 'मामांची हाक'. वकिलीणबाईंच्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'मामा खाली या म्हणतात. खोटं नाही.' दोनदा मी काडी पेटवली. दोनदा विझवली. तिसऱ्या वेळी काय करेन, याची मला खात्री देता येत नाही. मी किती भित्री आहे ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

म्हणून त्या सगळ्या या पाकिटात घातल्या आहेत; आजच कुरिअरने पाठवते, उद्या तुझ्या हातात पडेल. सोमवारी अकरा वाजता समितीची शेवटची बैठक आहे. तू ये. मागे बस. मला उठवलं की मी खरं सांगणार आहे. पण माझी जीभ वळली नाही, तर माझ्याकडे बघत थांबू नकोस. माझ्यावर दया करू नकोस. उठ, आणि चिठ्ठ्या समितीसमोर ठेव. मामांनी घंटा वाजवली होती, आणि मी ती ऐकली होती.

हे पत्रही सोबत दे. खाली मी माझी पूर्ण सही केली आहे, घरचं नाव नाही.

तुझी धाकटी बहीण,
(सही)
वर्गशिक्षिका, सहावी ब