तिसरी जागा माझीच

३ मार्च
निर्धार. आजपासून वाइन बंद, चीज बंद, माझ्या जागेवर डोळा असलेल्या विशीतल्या लोरिसवर चिडणं बंद. फ्रान्सच्या संघात कयाक स्लॅलमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यात दारांमधून छोटी नाव वल्हवायच्या शर्यतीच्या, तीन जागा. दोन पोरं नेतील, नेऊ देत. तिसरी माझीच. जगज्जेता होऊन नऊ वर्षं झाली म्हणून काय झालं? नदी कुठे म्हातारी होते?

५ मार्च
सोलेनने चीज आणलं. बायकोने प्रेमाने आणलेलं नाकारणं बरं दिसत नाही. वाइनशिवाय चीज जात नाही.

९ मार्च, सराव
पाण्यावर टांगलेल्या सहा दारांच्या दांड्यांना लागलो, असं माइतेचं म्हणणं. दांडीला नुसतं लागलं तरी दोन सेकंदांचा दंड. माझ्या मते वारा होता, दांड्याच येऊन मला लागल्या. माइते म्हणाली, "वारा काय फक्त तुझ्याच वेळी सुटतो का रे, गिलेम?" पंधरा वर्षं प्रशिक्षक आहे माझी. चष्मा बदलायला हवा तिने.

१४ मार्च
दात घासताना उजवा हात वर जाईना. डाव्याने घासले. दोन्ही हात तयार हवेत, हा नवा सराव समजायचा. कुणाला सांगायची गरज नाही.

२० मार्च
शर्यतीच्या वाटेवर आधी नाव घालू देत नाहीत. काठावर उभं राहून, डोळे मिटून, हवेत हात फिरवत दारं पाठ करायची. तेच स्वयंपाकघरात करत होतो. अकराव्या दाराला सूपचं पातेलं आडवं झालं. सोलेन म्हणाली, "दोन सेकंद दंड. आणि फरशी तू पुसायचीस." घरात खेळाडूची कदर नाही.

२९ मार्च
माइतेने क्लबातल्या मुलांना शिकवशील का विचारलं. म्हणाली, तुझ्याइतकं पाणी कुणाला कळतं? म्हटलं, मग मीच का उतरू नये? ती नावा मोजायला निघून गेली. जिंकलो.

१२ एप्रिल, पो शहर
निवड स्पर्धा. पहिली फेरी: चार दांड्या. पंचांशी कडाडून भांडलो. दुसरी फेरी: सतराव्या लाल दारातून प्रवाहाविरुद्ध वर चढायचं होतं. खांदा वळलाच नाही. दार सुटलं. पन्नास सेकंदांचा दंड.
लोरिस पहिला. जवळ येऊन म्हणतो, "पुढच्या वेळी, आजोबा!" छत्तीस वर्षांचा आहे मी.

१३ एप्रिल
व्हॅनमध्ये बसून होतो. सोलेन आत आली नाही, बाहेर उभी राहिली. रडलो. नाव नसेल तर मी कोण? बाकीची माणसं सोमवारी सकाळी उठून करतात तरी काय?

२२ एप्रिल
आशा! पो शहरातून फोन आला. मे महिन्यातल्या मोठ्या शर्यतीत वाटाड्या म्हणून ये म्हणाले. म्हणजे सगळ्यांच्या आधी वाट उतरून दाखवायची. निवड समिती अख्खी काठावर असणार. तिसरा आलेला पोरगा पाठीने बेजार आहे असं ऐकतो. दोन अधिक दोन चार! ही गुप्त परीक्षा आहे. उघड बोलावायला लाजतात, इतकंच.
माइतेला सांगितलं. म्हणाली, "अरे, वाटाड्याची वेळ कुणी घेत नाही. दांड्यासुद्धा मोजत नाहीत." बिचारी. आतलं राजकारण तिला कुठलं कळायला?
तरी खबरदारी म्हणून घड्याळ सोलेनकडे दिलं. सुटताना दाबायचं, शेवटच्या रेषेवर पुन्हा दाबायचं. मग तो आकडा समितीच्या टेबलावर आपटणार.

१७ मे, पो
उतरलो. पाणी बर्फासारखं गार. खांदा पहिल्या दारापासून बोंबलत होता, पण ऐकायला वेळ नव्हता. सतराव्या दाराशी पाण्यानेच नाव फिरवून दिली. एकाही दांडीला लागलो नाही. एकाही! कित्येक वर्षांत पहिल्यांदा. रेषेवर डाव्या हाताने वल्हं उंचावलं आणि काठाकडे पाहिलं. मागे ज्यांच्याशी भांडलो ते पंच पावाला लोणी लावत होते. समिती कॉफीच्या रांगेत. निवेदक म्हणाला, "धन्यवाद. वाट मोकळी आहे. शर्यत आता सुरू होईल."

सोलेनकडे धावलो. घड्याळ दाखव म्हटलं. तिने मूठ उघडली. शून्य.
"दाबायचं राहिलंच रे," म्हणाली. "तुझ्याकडेच बघत होते."
ओरडणार होतो. तिचे डोळे भरलेले दिसले म्हणून थांबलो. कशी झाली, एवढंच विचारलं.
"सुंदर. शेवटची अशीच हवी होती."
शेवटची कोण म्हणालं, असं विचारणार होतो. नाव उचलायला वाकलो, हात वरच जाईना. तिने नाव स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि व्हॅनकडे निघाली. मागून चालता चालता शेवटी सांगून टाकलं, खांदा गेलाय म्हणून.
"मार्चपासून माहीत आहे," ती म्हणाली. "डाव्या हाताने दात घासतोस."